एका फोर्कची पडताळणी

वजनमापांच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट नुसती सांगून पटत नाही. हा त्याचा स्वभाव नसतो, पेशा असतो. पण घरात पेशा आणि स्वभाव यांतला फरक कोण करत बसतो? निरीक्षकांच्या घरात तर कोणीच करत नसे, कारण निरीक्षक सोडले तर घरात त्यांच्या पत्नी, बाई, एवढ्याच होत्या, आणि त्या चित्रकलेच्या शिक्षिका असल्यामुळे त्यांचा सगळा कारभार अंदाजावर चाले. ताप आहे की नाही हे त्या कपाळाला हात लावून सांगत. निरीक्षक तीनदा थर्मामीटर लावून सरासरी काढत. दोघांचं उत्तर बहुतेक वेळा एकच येई, फक्त निरीक्षकांचं उशिरा येई.

अशा घरात एके दिवशी बाईंचा भाचा आपली माउंटन बाइक आणून ठेवून गेला. तो परदेशी नोकरीला चालला होता आणि सायकल विकायला त्याचं मन होईना.

"आत्या, तुझ्या हाताला हीच सायकल बरी," तो म्हणाला. "हिचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा हा दोन नळ्यांचा चिमटा, आपोआप लॉक होतो. पेडल मारताना तू हँडलवर कितीही जोर दे, तो ताठ राहणार, उगाच वरखाली होऊन तुझा दम खाणार नाही. पण चाकाखाली दगड आला रे आला की लॉक उघडणार, फोर्क आत दबणार आणि झटका तिथेच जिरणार. मग पुन्हा आपोआप बंद."

"बटण कुठे आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"बटण नाही काका. त्याला कळतं."

"कोणाला?"

"फोर्कला."

"काय कळतं?"

"जोर वरून आलाय की खालून, ते."

भाच्याने हे इतक्या सहजपणे सांगितलं की निरीक्षकांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. कचेरीत जोर वरून आलाय की खालून हे ओळखायला त्यांना स्वतःला बारा वर्षं लागली होती.

आता बाईंच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. सात महिन्यांपूर्वी बाई स्कूटरवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. आत पट्टी बसली, पट्टीला सहा स्क्रू बसले. चार महिने त्यांनी फळ्यावर डाव्या हाताने चित्रं काढली आणि मुलांनी ती मोठ्या मनाने चालवून घेतली. आता हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, हात वापरा, सायकलसुद्धा चालवा, पण मनगटाला झटका बसता कामा नये. सायकलचं त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण बाईंनी मुद्दाम विचारलं होतं. त्या आणि त्यांच्या तीन जुन्या मैत्रिणी अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सायकलने टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात. सात महिने तिघीच जात होत्या. तिघी घराखालून जाताना घंटी वाजवत आणि बाई गॅलरीतून हात हलवत, डावा. तो हलवून झाला की त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहत. निरीक्षक आतून ते बघत आणि वर्तमानपत्राचं पान उलटत.

"चार आठवड्यांनी मी जाणार," बाईंनी जाहीर केलं.

"फोर्कची पडताळणी झाल्याशिवाय नाही," निरीक्षक म्हणाले.

स्कूटर चालवत होते निरीक्षक. लोकांना ते सांगत की रस्त्यात खड्डा होता, अचानक समोर आला, इलाज नव्हता. इस्पितळाच्या कागदावरही 'खड्डा' असंच लिहिलं होतं, आणि एकदा कागदावर आलेली गोष्ट निरीक्षकांच्या लेखी खरी होत असे. पण ही होईना. खड्डा होता खरा, मात्र तो वीतभर, कोरडा आणि पंधरा पावलांवरून स्पष्ट दिसणारा होता. एखादा दूधवालासुद्धा त्यावरून बोलत बोलत गेला असता. निरीक्षकांनी तो पाहिला, त्यांची पाचावर धारण बसली, आणि त्यांनी पुढचा ब्रेक जीव खाऊन दाबला. स्कूटर जागच्या जागी थांबली. बाई थांबल्या नाहीत. स्कूटर खड्ड्यापर्यंत पोहोचलीसुद्धा नव्हती. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, बाईंना तर नाहीच, आणि दर दिवशी ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा थोडं जड होत चाललं होतं. जड म्हणजे किती, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

तेव्हा पडताळणी.

पहिली चाचणी बैठकीच्या खोलीत झाली. निरीक्षकांनी सायकलचं पुढचं चाक वजनकाट्यावर उभं केलं, फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरबँड चढवला, म्हणजे फोर्क दबला तर तो किती सरकला ते मोजता येईल, आणि दोन्ही हातांनी हँडल दाबलं. रबरबँड हलला नाही. त्यांनी छाती टेकवली. मग पाय उचलले. पोटावर हँडल, हवेत पाय आणि मान वाकडी करून काट्याकडे लावलेला डोळा, अशा अवस्थेत बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्या शाळेची बॅग न ठेवताच परत दाराबाहेर गेल्या. बाहेरून हसण्याचा आवाज आला. निरीक्षकांनी आकडा टिपून घेतला. बासष्ट किलो, सरकणं शून्य. शेरा: फोर्क जाम आहे.

त्यांनी भाच्याला फोन लावला.

"काका, वरून दाबल्यावर तो दबला नाही म्हणजे चांगलाच आहे की. त्याचं कामच ते आहे."

"मग तपासायचा कसा?"

"चालवून."

"ती नंतरची गोष्ट झाली," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या चाचणीत त्यांनी उलट बाजू धरली. जोर खालून यायला हवा ना, ठीक. त्यांनी सायकलचा पुढचा भाग छातीइतका उचलला आणि सोडून दिला. धाडकन आवाज झाला, खिडकीची काच थरथरली, आणि रबरबँड चांगला चार बोटं सरकला. निरीक्षकांना आनंद झाला. परंतु एका निरीक्षणाला निरीक्षण म्हणत नाहीत, म्हणून त्यांनी आणखी नऊ वेळा सायकल आपटली. दहाव्या वेळेला दाराची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांचा दवाखाना बरोबर बैठकीच्या खोलीखाली होता. त्यांच्या तोंडावर मास्क होता आणि हातमोजे तसेच होते.

"माझ्या हातात ड्रिल होतं," ते शांतपणे म्हणाले. "पेशंटच्या तोंडात."

निरीक्षक शरमेने काळेठिक्कर पडले. पेशंटला काही झालं नव्हतं, तो आठव्या धडाक्यालाच खुर्चीतून उठून घरी गेला होता. निरीक्षकांनी माफी मागितली, कारण सांगितलं, आणि कारण ऐकल्यावर डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे पळाला. आपल्याकडे सल्ला द्यायला मिळतोय म्हटल्यावर माणूस किती मोठ्या अपराधाला क्षमा करतो, हे पाहण्यासारखं असतं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झटका मनगटाला कळतो त्याच्या आधी दाताला कळतो. तुम्ही स्वतः चालवा. जीभ आत घ्या, दातावर दात हलके टेकवा. वाजले तर लॉक उघडलं नाही. याहून बारीक यंत्र जगात नाही." मग त्यांनी जाता जाता निरीक्षकांची डावी दाढ बघून घेतली आणि सोमवारी यायला सांगितलं.

घरात चाचणी बंद झाली. निरीक्षक सायकल घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी हजरच होते. सेक्रेटरी नेहमीच हजर असत. पार्किंगमध्ये वाहनाची दुरुस्ती, धुलाई व चाचणी करण्यास मनाई आहे, असा ठराव त्यांनी स्वतः लिहून, स्वतः मांडून, स्वतः मंजूर करून घेतला होता.

"सायकल वाहनात येते का?" निरीक्षकांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता, कारण सेक्रेटरींना तो आवडला.

"अर्ज द्या. महिनाअखेरीच्या सभेत घेऊ."

"पण रस्त्यावर?"

"रस्ता माझा नाही," सेक्रेटरी खेदाने म्हणाले. "मात्र समोरचा गतिरोधक माझा आहे म्हणा हवं तर. सहा वर्षं मागे लागलो तेव्हा झाला. वापरा, बिनधास्त वापरा."

तर तिसरी चाचणी सोसायटीच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावर झाली. निरीक्षकांनी हेल्मेट घातलं, रबरबँड खाली सरकवला, जीभ आत घेतली, दात टेकवले, आणि काळजी म्हणून अगदी चालीच्या वेगाने सायकल गतिरोधकावर नेली. चाक कडेला टेकलं, वर चढलं, आणि निरीक्षकांच्या तोंडात सगळे दात एकदम वाजले. खाली उतरून पाहतात तर रबरबँड होता तिथेच. लॉक उघडलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा केलं. आपलीच काही चूक नको म्हणून आणखी हळू केलं. मग त्याहून हळू. शेवटी शेवटी ते इतके हळू जात होते की सायकल पुढे जाण्याऐवजी आडवी होण्याचा विचार करू लागली. जितकं हळू जावं तितका झटका कोरडा बसे आणि रबरबँड तसूभरही हलेना. फाटकापाशी माणसं जमली. एका रिकाम्या बसच्या ड्रायव्हरने बस थांबवून खिडकीतून विचारलं, "साहेब, जायचंय की राहायचंय?" अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या नुसत्या येण्याने बाजारपेठेतली मापं थरथर कापत, त्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. निरीक्षकांनी उत्तर दिलं नाही. तोंडात जीभ आत घेतलेली होती.

एकेचाळीस वेळा चाचणी झाली. तळहाताला फोड आले. वहीत एकेचाळीस शून्यं आली. निरीक्षक ओळीने मांडलेल्या त्या शून्यांकडे बघत बसले आणि त्यांना आयुष्यात नेहमी सुचायचं तेच सुचलं. फोर्क खोटा की गतिरोधक खोटा? ज्या मापाने मोजतोय ते माप कोणी तपासलंय? त्यांनी बाईंची शाळेतली लाकडी फूटपट्टी घेतली, एक फळी आडवी धरली आणि गतिरोधकाची उंची घेतली. एका टोकाला अकरा सेंटिमीटर भरली, दुसऱ्या टोकाला चौदा.

निरीक्षक हादरले. इतका उघड घोटाळा, आणि तोही घरासमोर. त्यांनी संध्याकाळीच रस्ते विभागाला पत्र लिहिलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर गतिरोधकाची मंजूर उंची लेखी कळविण्यात यावी, जेणेकरून संबंधित चाचणीचे निष्कर्ष ग्राह्य धरता येतील.' पत्र फार सुरेख झालं होतं. त्यात कुठेही 'बायको' हा शब्द नव्हता.

सरकारी पत्राला उत्तर येत नाही, हा समज खोटा आहे. चुकीच्या पत्राला फार लवकर येतं. आठव्या दिवशी सकाळी एक ट्रक आला, चार माणसं उतरली आणि दुपारपर्यंत त्यांनी गतिरोधक मुळापासून उखडून नेला. मुकादमाने सेक्रेटरींच्या हातात कागद दिला: सदर गतिरोधकाची या कार्यालयाच्या दप्तरी कोणतीही नोंद आढळून येत नसल्याने तो अनधिकृत समजून काढून टाकण्यात येत आहे. खाली अर्जदार म्हणून निरीक्षकांचं पद आणि पत्ता होता.

सेक्रेटरी कागद घेऊन वर आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सहा वर्षं," ते एवढंच म्हणाले. "रस्ता होत होता तेव्हा रोज उन्हात उभा राहिलो होतो मी. उरलेलं डांबर टाका म्हणून हातापाया पडलो होतो. तुमच्या बाई, माझी आई, सगळी इथूनच रस्ता ओलांडतात." आणि ते जिना उतरून गेले. त्या दिवसापासून समोरून गाड्या भरधाव जाऊ लागल्या आणि सोसायटीत निरीक्षकांशी दातांचे डॉक्टर सोडून कोणी बोलेना. डॉक्टरही दाढेपुरतंच बोलत.

"एक सायकल चालवायची म्हटलं," बाई म्हणाल्या, "तर तुम्ही रस्ता उचलून दिलात."

त्या हसत म्हणाल्या होत्या, पण निरीक्षकांना ते लागलं. आपण काळजीने काही करायला जावं आणि कोणाचं तरी काहीतरी मोडावं, हे दुसऱ्यांदा होत होतं. पहिल्या वेळेचा हिशेब अजून कोणी मागितला नव्हता.

निरीक्षकांनी चार दिवस रजा टाकली आणि ते रस्ते विभागात जाऊन बसले. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून प्रकरण ऐकलं. नवा गतिरोधक हवा असेल तर रहिवाशांच्या सह्या, वाहतूक शाखेचा ना-हरकत दाखला, नकाशा आणि जुन्या गतिरोधकाच्या मोजमापाचा तपशील लागेल, असं तो म्हणाला. निरीक्षकांनी तपशील पुढे केला. अकरा आणि चौदा.

"हे कशाने मोजलंत?"

"फूटपट्टीने."

"पट्टीवर पडताळणीचा शिक्का आहे?"

पट्टी बाईंच्या शाळेची होती. तिच्यावर शिक्का नव्हता, शाईने काढलेलं एक बदक होतं. शिक्का नसलेल्या मापांनी धंदा करणाऱ्या किती लोकांना त्यांनी आपल्या हाताने नोटिसा दिल्या होत्या! कारकून काही वाईट माणूस नव्हता, त्याने फक्त नियम विचारला होता, आणि तोच तर सगळ्यात मोठा मार होता. निरीक्षक खाली मान घालून आपल्या कचेरीत गेले, शिक्का असलेली पोलादी पट्टी सही देऊन आणली, जिथे आता काहीच उरलं नव्हतं त्या जागेचं मोजमाप पुन्हा केलं, आणि सोसायटीतल्या प्रत्येक दारावर सहीसाठी उभे राहिले. लोकांनी सह्या दिल्या, पण आधी मनातलं सगळं बोलून घेतलं. सेक्रेटरींनी सर्वात शेवटी सही दिली आणि पेन परत घेताना विचारलं, "फोर्कचं काय झालं?"

"प्रलंबित आहे," निरीक्षक म्हणाले.

ठरल्या रविवारच्या आधी शुक्रवारी नवा गतिरोधक झाला. चांगला दहा सेंटिमीटरचा, दोन्ही टोकांना सारखा, वर पांढरे पट्टे. सेक्रेटरींनी त्यावर चालून पाहिलं आणि ते निरीक्षकांशी पुन्हा बोलू लागले, फार नाही, हवापाण्याचं. शनिवारी निरीक्षक सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेले. हे त्यांनी पहिल्याच दिवशी केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणं म्हणजे निरीक्षकांच्या मते ऐकीव माहिती.

मिस्त्री ठेंगणा, मितभाषी माणूस होता. त्याने वहीतली एकेचाळीस शून्यं आदराने वाचली.

"काय वेगाने गेलात?"

"चालीच्या. काळजी घेतली पूर्ण."

"मग कसा उघडेल?" मिस्त्री म्हणाला. त्याने दुसऱ्या एका मोडक्या फोर्कमधून काढलेलं पितळेचं वजन डब्यातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. अंगठ्याएवढं, गुळगुळीत. "डाव्या नळीत तेल असतं. तेलाची भोकं या वजनाने झाकलेली असतात, खालून बारीक स्प्रिंगचा टेकू. भोकं बंद, तेल अडलेलं, फोर्क ताठ. चाकाला दगड लागला की नळी झटक्यात वर जाते, पण वजन आळशी, ते मागे राहतं. भोकं उघडी पडतात, तेल वाहतं, फोर्क दबतो. मग स्प्रिंग वजनाला परत वर ढकलते, पुन्हा बंद. बस, एवढंच आहे ते."

"म्हणजे त्याला कळत नाही."

"काही कळत नाही. झटक्यात आलं तर उघडतो. तुम्ही घाबरून हळू गेलात की चाक हळूच चढतं, वजन नळीबरोबर निवांत वर जातं, भोकं झाकलेलीच. मग सगळा मार हाताला." मिस्त्रीने फोर्कच्या माथ्यावरची निळी चकती दोन टिक फिरवली. "आता थोडा लवकर उघडेल. पण चालीच्या वेगात नाही उघडायचा, साहेब. जो जास्त जपतो त्यालाच हा जास्त लागतो."

"दोन टिक म्हणजे किती?" निरीक्षकांनी सवयीने विचारलं, पण उत्तर त्यांनी ऐकलं नाही. ते पितळेचं वजन हातात धरून तसेच उभे राहिले. पंधरा पावलं, कोरडा खड्डा, आणि मुठीत आवळलेला ब्रेक. न दाबता तसेच गेले असते तर एक हिसका बसला असता आणि बाई मागून म्हणाल्या असत्या, "बघून चालवा की." त्यांना एकदम रडू आलं. मिस्त्रीने ते पाहिलं आणि तो शहाणपणाने दुसऱ्या सायकलचं चाक सोडवू लागला.

रविवारी सकाळी तिघी मैत्रिणी कोपऱ्यावर येऊन थांबल्या. फाटकात सेक्रेटरी होते, नव्या गतिरोधकाचं कोणी काही करू नये म्हणून. दातांचे डॉक्टर होते. बाईंनी मनगटाला पट्टी गुंडाळली, वर हातमोजा चढवला, आणि त्या सायकलवर बसल्या. निरीक्षकांनी मागून सीट घट्ट धरली.

"मी नुसता बरोबर चालतो," ते म्हणाले. "गतिरोधकापुरता."

मिस्त्रीने सांगितलेलं त्यांना पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि हात सुटणं वेगळं. दोघं चालीच्या वेगाने गतिरोधकावर गेले. चाक कडेला टेकलं, कोरडा ठोका बसला, आणि बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं. त्यांनी पाय टेकले आणि उजवा हात छातीशी धरला.

"बघ, म्हणूनच म्हणतो," निरीक्षकांचा आवाज चिरकला. "आणखी हळू जाऊ. हवं तर मी पुढचं चाक उचलतो—"

"सोडा."

"अगं, पण—"

"अहो, तुम्ही धरलंय म्हणून दुखतंय!"

बाई आयुष्यात कधी रस्त्यात ओरडल्या नव्हत्या. कोपऱ्यावरच्या मैत्रिणी इकडे बघू लागल्या, सेक्रेटरींनी नजर वळवली. निरीक्षकांनी बाईंकडे पाहिलं. त्या चिडल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी मनगटाचं नव्हतं हे त्यांना कुठल्याही काट्याशिवाय कळलं. आठ महिने त्या याच माणसाच्या काळजीखाली बसून होत्या. निरीक्षकांनी सीटवरचा हात उचलला. आधी बोटं उचलली, मग तळवा.

बाई सायकल वळवून चाळीस पावलं मागे गेल्या. मग निघाल्या. पहिल्यांदा डुगडुगत, नंतर सरळ, नंतर वेगात, आणि मग निरीक्षकांच्या मते फारच वेगात. चाक पांढऱ्या पट्ट्यांपाशी आलं, आणि चार आठवडे ज्या क्षणासाठी एवढा आटापिटा केला त्या नेमक्या क्षणी निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा बाई कोपऱ्यावर पोहोचल्या होत्या. घंट्या वाजल्या, चौघी वळल्या, दिसेनाशा झाल्या.

"उघडलं का लॉक?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी पाहिलं नाही," निरीक्षक म्हणाले.

"मी गतिरोधक बघत होतो," सेक्रेटरी म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही."

"मीही फोर्क नाही पाहिला," डॉक्टर म्हणाले. "मी आपला दात पाहत होतो. बाई हसत होत्या."

निरीक्षक वर गेले नाहीत. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. टेकडी, टाकी, उतार, वळणावरची खडी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यातलं काहीही त्यांच्या हातात नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारलं, त्यांनी मान हलवली. ऊन पायरीवर आलं. मग फाटक वाजलं. बाई सायकल हाताने ढकलत आत आल्या. चेहरा लालबुंद झाला होता, केस विस्कटले होते, साडेतीन तासांची धूळ अंगावर होती.

निरीक्षक उठून उभे राहिले. "गतिरोधकावर मनगटाला कसं वाटलं?"

"कुठल्या गतिरोधकावर?" बाई म्हणाल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, आणि त्यांना आठवेना. "टाकीच्या खालच्या वळणावर मात्र एवढाले दगड आहेत हं आता," त्या सांगू लागल्या, "पण काही नाही, सायकल आपली—"

"त्या दिवशी खड्ड्याने झालं नाही," निरीक्षक मध्येच म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "खड्डा मला दिसला होता. लांबून दिसला होता. मी घाबरलो आणि ब्रेक दाबला. खड्डा पुढेच राहिला. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

बाईंनी सायकल भिंतीला टेकवली. त्यांनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मागे मीच बसले होते ना."

निरीक्षक म्हणाले, "मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

बाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. हातमोजा घामाने चिकटला होता आणि एका हाताने निघत नव्हता.